वस्ती स्वच्छ तर डोळे निर्मळ



विहारात पौर्णिमेला जमल्यावर आपण धम्माच्या अनेक गोष्टी ऐकतो. शील, समाधी, प्रज्ञा हे शब्द आता आपल्या मुलाबाळांच्याही कानावरून गेलेले आहेत. परंतु विहारातून बाहेर पडून चार पावले चालले की उघडे गटार लागते. त्याच्या कडेला एखादे लहान मूल बसलेले असते आणि त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात दोन माशा बसलेल्या असतात. मूल त्या हाकलीतसुद्धा नाही, कारण त्याला त्यांची सवय झालेली असते. आपल्यालाही झालेली असते. विहारात ऐकलेल्या धम्माचा आणि या माशांचा काही संबंध आहे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की फार जवळचा संबंध आहे, आणि नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांनी तो लवकर समजून घेतला पाहिजे.

प्रथम आपल्या भागाकडे पाहू. पालघर, बोईसर, तारापूर हा पट्टा एकाच वेळी खेडे आहे आणि शहरही आहे. १९६९ साली तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. त्यानंतर औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि रंग, रसायने, औषधे, पोलाद यांचे कारखाने आले. पोटासाठी माणसे आली, कोणी मराठवाड्यातून, कोणी खानदेशातून, कोणी उत्तर प्रदेश-बिहारमधून. एका खोलीत सहा-सात माणसे, दहा-बारा खोल्यांना एक नळ, आणि चाळीच्या मागे सांडपाण्याचे डबके अशी राहणी सुरू झाली. पश्चिमेला सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी ही मच्छीमारांची गावे आहेत, तर पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर आहेत. तेथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात बाया हंडाभर पाण्यासाठी दरी उतरतात. सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी वसई-विरारपर्यंत जाते, पण धरणाच्या जिल्ह्यातल्या कित्येक पाड्यांवर तोंड धुवायला पाणी मोजून घ्यावे लागते. पाणी कमी, माणसे दाटीने, आणि घाण उघडी, अशा तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे डोळ्यांचे साथीचे रोग पसरतात.

हे रोग मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. ते वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत.

पहिला रोग म्हणजे डोळे येणे. हा सर्वांना ठाऊक आहे. डोळा लाल होतो, खुपतो, पाणी गळते, आणि सकाळी पापण्या चिपडांनी चिकटून बसतात. जुलै २०२३ मध्ये महाराष्ट्रात या रोगाची मोठी साथ आली. आळंदी परिसरातील शाळांतून ती प्रथम गाजली आणि पाहता पाहता जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. पावसाळ्यात ही साथ बहुधा विषाणूंमुळे येते. १९७१ साली मुंबईतही अशीच एक भयंकर साथ येऊन गेली होती. तो रोग १९६९ साली आफ्रिकेतील घाना देशात प्रथम दिसला. माणूस चंद्रावर उतरला ते हेच वर्ष, म्हणून लोकांनी त्याला ‘अपोलो’ असे नाव दिले. बंगालमध्ये मात्र त्याच १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून जीव वाचवून निर्वासित आले होते, आणि तेथे लोकांनी या रोगाला ‘जय बांगला’ म्हणण्यास सुरुवात केली. रोग विषाणूचा, पण नाव निराश्रितांचे! या गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. आपल्या चाळीत साथ आली की ‘हे परप्रांतीयांनी आणले’, ‘ते पाड्यावरच्यांनी आणले’ असे बोलणारे निघतात. ज्यांच्या सावलीचासुद्धा विटाळ मानला गेला, त्यांच्या मुलांनी तरी असे बोलू नये. विषाणूला जात नसते आणि त्याला जिल्ह्याची हद्दही कळत नाही.

दुसरा रोग अधिक घातकी आहे. त्याला आपल्याकडे खुपऱ्या म्हणतात आणि डॉक्टर ट्रॅकोमा म्हणतात. क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस नावाच्या जंतूमुळे तो होतो. चीनमधील शास्त्रज्ञ तांग फेइफान यांनी १९५० च्या दशकात हा जंतू प्रयोगशाळेत वेगळा केला, आणि रोगाचे कारण हाच जंतू आहे हे सिद्ध करण्यासाठी तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला. ज्ञान असे मिळते, बंधूंनो! मंत्राने मिळत नाही.

खुपऱ्यांची रीत मोठी कपटी आहे. लहानपणी मुलाला हा संसर्ग होतो, बरा होतो, पुन्हा होतो, पुन्हा बरा होतो. आई म्हणते, ‘डोळे आले होते, गेले.’ परंतु प्रत्येक वेळी पापणीच्या आतल्या बाजूला वण राहतो. असे वण वर्षानुवर्षे साचले की पापणी आत वळते आणि तिचे केस डोळ्याच्या बुबुळावर घासू लागतात. पापणी मिटली की घासतात, उघडली की घासतात. शेवटी बुबुळ पांढरे पडते, डोळ्यात फूल पडते, आणि चाळिशी-पन्नाशीत माणूस आंधळा होतो. म्हणजे ज्या माशा आज मुलाच्या डोळ्यावर बसलेल्या आहेत, त्यांचा हिशेब तीस-चाळीस वर्षांनी चुकवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात सुमारे १९ लाख माणसांची दृष्टी या रोगाने गेलेली किंवा अधू झालेली आहे. त्यातही स्त्रियांना हा आंधळेपणा पुरुषांच्या चौपटीपर्यंत अधिक येतो. कारण उघड आहे. चिपडे आलेल्या मुलांना मांडीवर घेणारी, त्यांचे तोंड पुसणारी, त्यांच्याजवळ निजणारी आई असते, बहीण असते. प्रेमाच्या वाटेनेच जंतू तिच्यापर्यंत पोहोचतो.

आपल्या देशाने या रोगाशी दीर्घ लढा दिला. १९६३ साली राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९७६ साली तो राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामील करण्यात आला. सरकारी आकड्यांप्रमाणे १९७१ साली देशातील आंधळेपणापैकी ५ टक्के या रोगामुळे होता. पुढे ते प्रमाण १ टक्क्याच्या खाली आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की भारतात खुपऱ्या हा आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाही. आपल्या विभागात नेपाळने २०१८ साली आणि म्यानमारने २०२० साली हे साधले होते, भारत तिसरा. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तिचा अर्थ नीट घ्यावा. रोगाचे मूळ प्रदेश वायव्येकडचे, पंजाब, राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश असे कोरडे मुलूख होते. कोकणपट्टीत त्याचा जोर तसा नव्हता. आणि ‘प्रश्न राहिलेला नाही’ याचा अर्थ एकही रुग्ण उरला नाही असा होत नाही. १ ते ९ वर्षांच्या मुलांत चालू रोगाचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आले, अशी ती कसोटी आहे. ज्या परिस्थितीत तो रोग वाढतो ती परिस्थिती कायम ठेवली तर गेलेला पाहुणा पुन्हा दारात उभा राहू शकतो. आणि डोळे येण्याची साथ तर दर पावसाळ्यात दार ठोठावतेच.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हे जंतू एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातात कसे?

आपल्याकडे समज असा आहे की डोळे आलेल्या माणसाकडे पाहिले की आपलेही डोळे येतात. हे खोटे आहे. नजरेतून काही जात नाही. काळा चष्मा लावल्याने उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्याकडे कमी जातो, एवढाच त्याचा उपयोग. जंतू जातात ते बोटांनी, कापडाने आणि माशीने.

बोटे म्हणजे कशी? मूल डोळा चोळते आणि त्याच हाताने भावाचा हात धरते. कापड म्हणजे कोणते? घरात एक पंचा असतो आणि त्याला सारे घर तोंड पुसते. आईच्या पदराने तर तीन मुलांचे डोळे एकापाठोपाठ पुसले जातात. आणि काजळाची डबी! एकाच बोटाने थोरल्याला, त्याच बोटाने मधल्याला, त्याच बोटाने धाकट्याला. आई दृष्ट लागू नये म्हणून काजळ घालते आणि एका मुलाचा रोग दुसऱ्याच्या डोळ्यात आपल्याच हाताने सोडते. मातेच्या मायेला मी दोष देत नाही. मायेला ज्ञानाची जोड हवी, एवढेच सांगतो.

माशीची गोष्ट अधिक ध्यानात ठेवण्यासारखी आहे. डोळ्याची चिपडे शोधणारी एक विशिष्ट माशी आहे. तिला अंडी घालायला सर्वांत आवडते ते उघड्यावर पडलेली माणसाची विष्ठा. झाकलेल्या शौचखड्ड्यात ती सहसा वाढत नाही. म्हणजे रेल्वे रुळाच्या कडेला, नाल्याच्या काठाला, खाजणाच्या आडोशाला टमरेल घेऊन जाणे आणि मुलाच्या डोळ्यावरची माशी, यांच्यामध्ये सरळ रस्ता आहे. आफ्रिकेतील गांबिया देशात यासंबंधी एक अभ्यास झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत साधी शौचालये बांधून दिली तेथे मुलांच्या डोळ्यांवर बसणाऱ्या माशा सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या. विचार करा, शौचालय बांधले तिकडे आणि फरक पडला डोळ्यावर!

म्हणूनच खुपऱ्यांविरुद्ध जगभर जी पद्धत वापरतात तिला चार अंगे आहेत. आत वळलेल्या पापणीची शस्त्रक्रिया, औषध, चेहऱ्याची स्वच्छता आणि परिसराची सुधारणा. पहिली दोन कामे डॉक्टरांची आहेत. उरलेली दोन आपली आहेत. ती आपण केली नाहीत तर डॉक्टरांनी बरे केलेले मूल पुन्हा त्याच गटाराकाठी येऊन बसते. याच्या उलट, केवळ स्वच्छता ठेवू आणि औषध घेणार नाही, असे म्हणणेही चुकीचे आहे. दोन्ही हवीत. एवढे मात्र खरे की युरोपातून हा रोग प्रतिजैविक औषधे निघण्यापूर्वीच बहुतेक हटला होता. तेथे लोकांची घरे सुधारली, पाणी आले, मोऱ्या बांधल्या गेल्या, आणि रोग मागे हटला.

येथे कोणी विचारील, ‘गुरुजी, हे आरोग्यखात्याचे भाषण झाले. यात धम्म कोठे आहे?’

ऐका. आपल्यातल्या कित्येक घरांत दीक्षा झाली तरी जुन्या समजुती पडद्यामागे बसलेल्या आहेत. मुलाचे डोळे आले की आजी म्हणते देवीचा कोप आहे. कोणी नवस बोलते आणि चांदीचे डोळे वाहते. त्या चांदीच्या पैशात सहा पंचे आणि वर्षभराचा साबण आला असता! दुसरे कोणी म्हणते, ‘मागच्या जन्मीचे पाप, भोगले पाहिजे.’ ही दुसरी समजूत पहिलीहून वाईट आहे. देवीवाला निदान काहीतरी करायला धावतो. मागच्या जन्माचे पाप मानणारा हातपाय गाळून बसतो. याच समजुतीने आपल्या वाडवडिलांना हजारो वर्षे गावकुसाबाहेर बसवले.

भगवान बुद्धाला हा प्रश्न प्रत्यक्ष विचारला गेला होता. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. त्याने विचारले की माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? बुद्धाने ते मत मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, या तिघांचा बिघाड, ऋतूतील बदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, अशी कारणे त्याने एकेक करून सांगितली. कर्माचे फळ हे त्या यादीतील एक कारण म्हणून शेवटी येते. आणि जे सर्व काही पूर्वकर्मावर ढकलतात ते स्वतःच्या अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जगाला जे सत्य म्हणून ठाऊक आहे त्याच्याही पलीकडे जातात, असे त्याने स्पष्ट केले. दुखणे आले तर त्याचे कारण शोधा, ही ती शिकवण आहे. परमपूज्य बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात माणसाचे आजचे दुःख गतजन्माच्या खाती टाकणारी कल्पना नाकारलेली आहे. म्हणून डोळे आलेल्या मुलासाठी पाणी, साबण आणि डॉक्टर यांच्याकडे धावणे हे धम्माचरणच होय.

आता मी अशा प्रश्नाकडे येतो जो आपल्या वस्तीत कुजबुजत बोलला जातो पण सभेत मांडला जात नाही.

स्वच्छतेची गोष्ट काढली की काही तरुण रागावतात. ते म्हणतात, ‘पिढ्यान्‌पिढ्या आमच्या माणसांनी गावची मेलेली ढोरे ओढली, गावची घाण काढली. बाबासाहेबांनी सांगितले म्हणून ती कामे सोडली. १९५८ च्या कायद्याने वतनही गेले. आणि आता तुम्ही आमच्या हातात पुन्हा झाडू देता?’ हा राग खरा आहे. त्याची थट्टा करू नये. ज्या हातांवर जन्माने घाण लादली गेली त्या हातांना झाडूची चीड येणारच. त्याचा परिणाम काय झाला तेही पाहावे. कित्येक बौद्ध वस्त्यांत गटार तुंबले तरी कोणी हात लावीत नाही. हात लावला तर जुनी ओळख परत चिकटेल अशी भीती वाटते. मग वाट पाहिली जाते ती कोणाची? पंचायतीच्या सफाई कामगाराची. आणि तो कामगार कोण असतो? तोही बहुधा आपल्यासारख्याच एखाद्या जातीत जन्मलेला आपला भाऊ असतो. आम्ही ज्या ओझ्यातून सुटलो ते आमच्याहून दुबळ्याच्या डोक्यावर टाकले, तर ती मुक्ती झाली काय?

यात भेद करायला शिकले पाहिजे. दुसऱ्याची घाण जन्माने, सक्तीने, भाकरतुकड्यासाठी काढणे ही गुलामगिरी होती. ती सोडली हे योग्यच झाले आणि ती पुन्हा कोणी लादली तर प्राणपणाने विरोध करावा. डोक्यावरून मैला वाहून नेण्याची प्रथा १९९३ आणि २०१३ या दोन कायद्यांनी गुन्हा ठरवली आहे. गटाराच्या मॅनहोलमध्ये किंवा शौचटाकीत माणूस उतरवणे हे तर माणूस मारणेच आहे. ते काम यंत्राचे आहे. परंतु आपले अंगण, आपली मोरी, आपल्या दहा घरांचे गटार दहाही घरांनी पाळीपाळीने साफ ठेवणे यात गुलामगिरी कोठे आली? पाळी सर्वांची असेल, त्यात मास्तर, कारकून, कारखान्यातला फिटर आणि बिगारी सारखेच असतील, तर तो झाडू समतेचा झाडू झाला.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात शौचालयाचे नियम आहेत, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. आधी भिक्खू ज्येष्ठतेप्रमाणे शौचास जात. धाकटे भिक्खू आणि श्रामणेर ताटकळत राहत आणि त्यांना घेरी येई. हे कळल्यावर बुद्धाने नियम केला की जो आधी आला त्याने आधी जावे. तेथे मोठा-लहान नाही. त्याच ठिकाणी दुसरी कथा आहे. जन्माने ब्राह्मण असलेला एक भिक्खू शौचानंतर पाणी घेत नसे. अशा घाणीला हात कोण लावणार, असे त्याचे म्हणणे होते. त्यामुळे त्याला रोग जडला. बुद्धाने त्याचे हे वागणे दोषास्पद ठरवले. पुढे सविस्तर नियम दिले की शौचकूप अस्वच्छ दिसला तर तो साफ करावा, परिसर झाडावा, भांड्यातले पाणी संपले असेल तर ते भरून ठेवावे. हे नियम कोणा एका जातीच्या भिक्खूसाठी नव्हते. संघात खत्तिय कुळातले होते, ब्राह्मण होते, उपालीसारखा न्हावी होता आणि सुनीतासारखा झाडूवालाही होता. नियम सर्वांना एकच. सुनीताला संघात घेतल्यावर त्याचा झाडू बुद्धाने सर्वांच्या हाती दिला, असे मी म्हणतो.

शुद्धी आणि स्वच्छता यांतील फरकही येथेच कळतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी ते तळे ‘शुद्ध’ केले ते कशाने? शेण-गोमूत्र ओतून! माणसाच्या ओंजळीने पाणी विटाळते आणि शेणाने शुद्ध होते, असे हे शास्त्र. ही त्यांची शुद्धी होती. तिच्यात जंतूंचा विचार नव्हता, माणसाचाही नव्हता. आपण शुद्धीच्या मागे लागू नये. आपण स्वच्छतेच्या मागे लागावे, कारण स्वच्छतेची परीक्षा डोळ्यांनी होते. माशा कमी झाल्या का, मुलांचे डोळे बरे राहिले का, हे पाहता येते, मोजता येते. आणि ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली, ते पाणी आज दारात आले असेल तर त्याने मुलाचे तोंड दिवसातून दोनदा धुतले गेलेच पाहिजे.

तर मग करायचे काय? शाळेत फळ्यावर लिहितो तसे सांगतो.

घरात : प्रत्येकाचा पंचा वेगळा. पैसे नसतील तर जुन्या धुतलेल्या लुगड्याचे तुकडे करा, पण प्रत्येकाचा वेगळा. पदराने डोळे पुसू नका. काजळ नको, आणि एका बोटाने तर मुळीच नको. मुलाचे तोंड सकाळ-संध्याकाळ धुवा. त्याला हंडाभर पाणी लागत नाही, तांब्याभर पुरते. डोळ्याला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर साबणाने हात धुवा. डोळे आलेल्याच्या उशीची खोळ वेगळी ठेवा, गरम पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा.

औषधाबाबत : मध, दूध, लिंबाचा रस, मंतरलेले पाणी डोळ्यात घालू नका. औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. काही थेंबांत स्टिरॉइड असते, त्याने लाली पटकन उतरते पण चुकीच्या रोगात डोळा जाऊ शकतो. डोळा फार दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसणे कमी झाले असेल, पापणीचे केस टोचत असतील, किंवा तान्ह्या बाळाचे डोळे आले असतील, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. आणि कारखान्यात काम करणाऱ्या बंधूंनो, तुमच्या लाल डोळ्याचे कारण जंतूच असेल असे नाही. डोळ्यात रसायन उडाले असेल तर एक क्षणही न दवडता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवा आणि मग रुग्णालयात जा. वायूने रोजच डोळे चुरचुरत असतील तर त्याला डोळे येणे म्हणून गप्प बसू नका. ती तक्रार कारखान्याकडे आणि सरकारकडे लेखी करण्याची गोष्ट आहे.

वस्तीत : आठवड्यातून एक दिवस ठरवा आणि दर घरातून एक माणूस पाळीने येऊ द्या, बायांनीच यावे असे नाही. नळाभोवतीचे डबके बुजवून शोषखड्डा काढा. उकिरडा घरापासून दूर न्या आणि झाका. लहान मुलांची विष्ठा निरुपद्रवी असते हा समज सोडा. तीही शौचालयातच टाका. ज्या घरी शौचालय बांधले पण त्यात लाकडे-गोवऱ्या भरल्या आहेत, तेथे लाकडे बाहेर काढा. पाणी नाही म्हणून वापरत नाही असे कोणी सांगितले तर त्याला दोष देऊ नका. त्याच्याबरोबर पाणी मागायला चला.

पंचायतीत : हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आपल्या पाळीने सारे होत नाही. गटार बांधणे, कचरा उचलणे, पाणी देणे हे पंचायतीचे आणि नगरपरिषदेचे कर्तव्य आहे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतील ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. तो आपल्या वस्तीत किती आला आणि कोठे खर्च झाला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. गावचे सिमेंटचे गटार बौद्धवाडीच्या तोंडाशी येऊन संपत असेल तर ते तेथेच का संपते, हेही विचारा. आपला झाडू आपल्या हाती घेतल्यावर हा प्रश्न विचारण्याचा आवाज अधिक ठणठणीत निघतो. सत्याग्रह महाडलाच संपला असे समजू नका.

शेवटी एक गोष्ट आणि मग पुरे करतो. डोळे आलेल्या मुलाचा पंचा वेगळा ठेवा असे मी सांगितले. पण मूल वेगळे टाकू नका. महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो आपल्याच घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण इतर भिक्खूंना त्याचा काही उपयोग नव्हता. बुद्धाने आनंदाकडून पाणी आणवले, स्वतः ते त्याच्या अंगावर ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर निजवले. मग संघाला बोलावून सांगितले की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. तेथे स्पर्शाची किळस नव्हती आणि पाण्याची कमतरताही ठेवली नाही. काळजी आणि स्वच्छता दोन्ही एकत्र होत्या. रोग्याला काही दिवस जपून ठेवणे वेगळे आणि माणसाला जन्मभर दूर लोटणे वेगळे. पहिले आपण करू. दुसऱ्याचा अनुभव आपल्या पिढ्यांनी घेतलेला आहे.

तेव्हा येत्या पौर्णिमेला वंदनेसाठी थोडे आधी जमा. येताना झाडू, फावडे आणि बादली घेऊन या. प्रथम विहारासमोरचे गटार मोकळे करू, हातपाय साबणाने धुऊ, मुलांची तोंडे धुऊ, आणि मग वंदनेला बसू. त्या दिवशी मुलांच्या डोळ्यांकडे नीट पाहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. फरक दिसला तर शेजारच्या पाड्यावरच्या लोकांनाही सांगा, मग ते कोणत्याही जातीचे, कोणत्याही धर्माचे असोत.

जयभीम! नमो बुद्धाय!